‘सरकारने बँक वाचवली’ ही बातमी वहीत कशी उतरवायची

6 मार्च 2020, शुक्रवार. होळी दोन-तीन दिवसांवर आलेली. आदल्या संध्याकाळी येस बँकेवर निर्बंध आले होते, खातेदाराला 50 हजारांच्या वर काढता येणार नव्हते. आमची शाखा अकोल्यातली, बँक सरकारी आणि निराळीच. तरी शटर वर गेलं तेव्हा पासबुक भरायच्या निमित्ताने दारात वीस-पंचवीस माणसं उभी. फोनपेचे व्यवहार येस बँकेमार्फत होत, तेही ठप्प, त्यामुळे धास्ती अजून वाढलेली. नेहमीचा एक खत-बियाणांचा दुकानदार काचेला कपाळ टेकवून म्हणाला, "मॅडम, आपल्याबी बँकेचं असंच होईन का?"

मी ठामपणे नाही म्हटलं. दीड आठवड्याने तोच आला. "वाचवली म्हणते बँक. म्हणजे आपल्याच टॅक्सातून ना?" मी तितक्याच ठामपणे हो म्हटलं.

पहिलं उत्तर बरोबर निघालं, दुसरं बरंचसं चूक. घरी जाऊन राजपत्रातली योजना वाचली तेव्हा कळलं. एकतीस वर्षं बँकेत काढून मला खिसा कोणाचा ते सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी एक दोनशे पानी वही ठेवलीय. 2021 मध्ये निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, वही भरत गेली. शेजारपाजारचे, भाचेकंपनी विचारत असतात, म्हणून पद्धत एकदा लिहूनच टाकते.

एका संस्थेला समोरासमोरची दोन पानं. वही आडवी धरा आणि चार रकाने आखा: पैसे कोणी दिले, कोणत्या रूपात दिले, कात्री कोणाला लागली, परत काय आलं. पहिले तीन पेनाने, चौथा पेन्सिलने. चौथा का, ते पुढे येईल.

आधी घोषणेचा आकडा सोला

रकाने भरायच्या आधी हे करायचंच. मंत्री सांगतात तो आकडा आणि तिजोरीतून गेलेला आकडा हे दोन वेगळे प्राणी. 24 ऑक्टोबर 2017 ला तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटलींनी सरकारी बँकांसाठी 2 लाख 11 हजार कोटींची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा. सोलल्यावर निघालं असं: 1 लाख 35 हजार कोटी रोख्यांतून (म्हणजे सरकारच्या उधारीच्या चिठ्ठ्या, पुढे डब्यात दाखवते), 18,139 कोटी थेट अर्थसंकल्पातून, आणि उरलेले बँकांनी बाजारात शेअर विकून उभे करायचे. म्हणजे या ‘पॅकेज’मधल्या पाव भागाहून जास्त रकमेशी सरकारच्या खिशाचा संबंधच नव्हता. अमेरिकेने 2008 मध्ये बँका वाचवायला काढलेल्या 700 अब्ज डॉलरचंही तेच. ती संसदेने दिलेली मंजुरी होती, खर्च त्याहून बराच कमी झाला.

मंजूर, जाहीर, दिलेले: या तीन शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावून घ्या. वहीत फक्त ‘दिलेले’ जातं.

पहिला रकाना: पैसे कोणी दिले

‘सरकार’ असं लिहायला इथे मनाई. खिशाचं नाव लिहायचं. माझ्या वहीत आतापर्यंत सात खिसे आलेत: केंद्राची तिजोरी, राज्याची तिजोरी, रिझर्व्ह बँक, नाबार्ड (शेती आणि ग्रामीण विकासाची राष्ट्रीय बँक), दुसऱ्या बँका, एलआयसी, ठेव विमा महामंडळ.

येस बँकेचं पान बघा. स्टेट बँक 6,050 कोटी. आयसीआयसीआय आणि त्या वेळची एचडीएफसी (गृहकर्जवाली, नंतर एचडीएफसी बँकेत विलीन झाली ती) प्रत्येकी 1,000, अॅक्सिस 600, कोटक 500, बंधन आणि फेडरल प्रत्येकी 300, आयडीएफसी फर्स्ट 250. बेरीज करा, बरोबर 10,000 कोटी. केंद्राच्या अर्थसंकल्पातून थेट किती? शून्य. पण स्टेट बँकेत निम्म्याहून जास्त मालकी सरकारची, म्हणून मी त्या 6,050 च्या पुढे कंसात ‘खिशामागचा खिसा’ असं लिहून ठेवलंय. दुकानदाराला दिलेलं माझं ‘हो’ एवढ्यापुरतंच खरं होतं.

आयडीबीआय बँकेच्या पानावर असे खिसे एकाखाली एक आहेत. 2004 मध्ये तिची 9,000 कोटींची सडकी कर्जं बाजूला काढून एका निधीत टाकली आणि त्यामागे केंद्राने रोखे उभे केले. 2017-18 च्या भांडवलवाटपात तिला 10,610 कोटी मिळाले, त्या यादीत सगळ्यात जास्त. मग जानेवारी 2019 पर्यंत एलआयसीने 21,624 कोटी ओतून 51 टक्के मालकी घेतली. एलआयसीचा पैसा हा करदात्याचा नव्हे, पॉलिसीधारकाचा. आता, एलआयसीच्या पॉलिसीमागे 1956 च्या कायद्यानेच केंद्राची हमी आहे, त्यामुळे इथेही कंस येतो. पण कंस तो कंस. करदात्याचे गेले आणि पॉलिसीधारकाचे गुंतले, या दोन वाक्यांत फरक आहे आणि वर्तमानपत्रात तो हमखास पुसला जातो.

राज्याची तिजोरी आमच्या भागात चांगलीच ओळखीची. नागपूर, वर्धा आणि बुलढाणा या तीन जिल्हा मध्यवर्ती बँकांना बँकिंगचा परवाना नव्हता. नोव्हेंबर 2014 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने देशभरातल्या अशा 23 जिल्हा बँकांची योजना मंजूर केली. एकूण 2,375.42 कोटी. त्यात केंद्र 673.29, नाबार्ड 237.54, आणि राज्यं 1,464.59. सगळ्यात मोठा वाटा राज्यांचा! दिल्लीची घोषणा असली तरी पैसा मुंबईतून किंवा लखनौतून निघतो, हे या पानाने मला शिकवलं.

आणि पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक. 23 सप्टेंबर 2019 ला निर्बंध, पहिल्या दिवशी काढता येत होते फक्त 1,000 रुपये. जानेवारी 2022 मध्ये ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि ठेवीदारांना 5 लाखांपर्यंतचे पैसे ठेव विमा महामंडळाकडून आले. "सरकारने दिले" असं माझ्या नात्यातलेच लोक म्हणतात. नाही. त्या महामंडळाकडे सगळ्या बँका हप्ता भरतात, त्या वेळी दर 100 रुपये ठेवीमागे वर्षाला 12 पैसे. म्हणजे तुमच्या-माझ्या बँकेने, थोडक्यात चांगल्या चाललेल्या बँकांनी, हे पैसे दिले.

(या विम्याचं आमच्या गावाशी नातं आहे. 1960 साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक कोसळल्या, त्यानंतर 1961 चा कायदा आला आणि 1 जानेवारी 1962 पासून विमा सुरू झाला. तेव्हा मर्यादा 1,500 रुपये होती. 1993 मध्ये ती 1 लाख झाली आणि थेट फेब्रुवारी 2020 मध्ये 5 लाख.)

पतसंस्थेला हा विमा नाही. माझ्या वहीत एका पतसंस्थेचंही पान आहे, नाव घालत नाही. त्यात माझे स्वतःचे 60 हजार अडकले. पहिल्या रकान्यात आडवी रेघ आहे, दुसऱ्यात आडवी रेघ आहे, आणि कात्रीच्या रकान्यात ‘मी’. पुढे जाऊ.

दुसरा रकाना: कोणत्या रूपात

इथेच लोक जास्त चकतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पैसे चार रूपांत जातात. शेअरभांडवल, उधारी, हमी आणि रोखे. उधारी सोपी. रिझर्व्ह बँकेने येस बँकेला 50 हजार कोटींचा खास आधार दिला होता, तो सप्टेंबर 2020 पर्यंत परतही आला. आकडा प्रचंड, पण खर्च म्हणून वहीत जवळजवळ काहीच नाही. हमी त्याहून चकवणारी, कारण ती देताना एक रुपयाही हलत नाही आणि वेळ आली तर सगळाच्या सगळा हलतो.

रोख्यांचं प्रकरण मात्र मी भाच्याला स्वयंपाकघरातच दाखवलं. पोह्याचा डबा घेतला, त्यात शंभराची नोट ठेवली. म्हटलं, डबा म्हणजे बँक आणि नोट म्हणजे लोकांची ठेव. आता मी सरकार. नोट उचलली आणि तिच्या जागी चिठ्ठी टाकली: ‘शंभर रुपये देणे लागते, दरवर्षी सात रुपये व्याज.’ मग तीच नोट परत डब्यात टाकली आणि म्हटलं, हे माझं भांडवल, आता डब्यात माझी शंभराची मालकी. झाकण लावलं. डब्यात नोट आहे तशीच, वर चिठ्ठी आली, आणि माझ्या पर्समधून एक दमडी गेली नाही.

भाचा बराच वेळ डब्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, मग हे सात रुपये कुठून?"

अगदी तिथेच बोट ठेवायचं. ते सात रुपये अर्थसंकल्पातून, दरवर्षी, आणि मुदत संपली की शंभरही. करदात्याचा खिसा हा आहे, तो एकदम कापला जात नाही, हप्त्याने कापला जातो. आणि करदाता म्हणजे फक्त इन्कम टॅक्सवाला नव्हे. साबणाच्या वडीवर जीएसटी भरणारी आमची धुणंभांडीवाली बाईही त्यात आली.

आता खरे आकडे घाला. 2016-17 ते 2020-21 या पाच वर्षांत केंद्राने सरकारी बँकांत 3,10,997 कोटी घातले. त्यातले थेट अर्थसंकल्पातून 34,997 कोटी, आणि चिठ्ठीवाले 2,76,000 कोटी. दर रोख्यागणिक वेगळा असतो, पण हिशेबापुरते माझ्या डब्यातले 7 टक्के धरले तर व्याज वर्षाला 19,320 कोटी. वहीत हा आकडा भांडवलाच्या शेजारी लिहायचाच, नाहीतर पान खोटं ठरतं.

एक गंमत राहिली. 2020-21 मध्ये पंजाब अँड सिंध बँकेला 5,500 कोटींचे रोखे दिले, ते बिनव्याजी. म्हणजे चिठ्ठीवर ‘शंभर देणे लागते, व्याज नाही, पैसे काही वर्षांनी.’ अशी चिठ्ठी आजच शंभराची म्हणून मोजायची का? बाजारात तिला कोणी शंभर देणार नाही. रिझर्व्ह बँकेलाही हा प्रश्न पडला होता. असा रोखा दिसला की मी शेजारी लाल फुली मारते.

तिसरा रकाना: कात्री

क्रम पाठ करा, कारण खरा वाद इथेच असतो. आधी मालक, म्हणजे शेअरधारक. मग जोखीम पत्करून जादा व्याज घेणारे रोखेधारक. सगळ्यात शेवटी ठेवीदार. हा क्रम कागदावर. प्रत्यक्षात उलटा होतो का, हे बघायला वही.

येस बँकेत झाला. सुमारे 8,415 कोटींचे एटी-1 रोखे (तेच, जोखमीचे आणि जादा व्याजाचे) पूर्ण पुसले गेले. शेअरधारक मात्र शिल्लक राहिले. त्यांचे 75 टक्के शेअर तीन वर्षं विकता येणार नाहीत, एवढीच अट, आणि मोजकेच शेअर असणाऱ्यांना तीही नाही. मालकाच्या हातात काहीतरी उरलं आणि त्याच्या मागे रांगेत उभा असलेला पार शून्य झाला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये रोखे पुसण्याचा निर्णय रद्द ठरवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ज्यांच्याकडे हे रोखे होते त्यातले काही निवृत्त लोक होते, "एफडीसारखंच आहे, व्याज जास्त" असं ऐकून घेतलेले. तुम्हाला कोणी बँकेत बसवून असं सांगितलं तर एकच विचारा: बँक अडचणीत आली तर या कागदाचं काय होतं? उत्तरात ‘सहसा’ हा शब्द आला की उठा.

ठेवीदारांना येस बँकेत कात्री लागली नाही, 18 मार्चला निर्बंध उठले. तेरा दिवसांची घालमेल, बास. पीएमसीत मात्र 5 लाखांच्या वरच्यांना टप्प्याटप्प्याने, शेवटच्या रकमेसाठी दहा वर्षांपर्यंत थांबावं लागणार. एक बँक मोठी, खासगी आणि सगळ्या यंत्रणेत गुंतलेली, दुसरी सहकारी. एकीला आठ दिवसांत योजना, दुसरीला सव्वादोन वर्षं. मला यातला न्याय समजावून सांगता येत नाही, मी फक्त तारखा शेजारी-शेजारी लिहून ठेवल्यात.

सरकारी बँकांच्या पानांवर हा रकाना बहुधा कोरा असतो. मालकच सरकार असल्यावर कात्री कोणाला लावणार?

चौथा रकाना: पेन्सिल

परत काय आलं, हे पाच-दहा वर्षांनी कळतं. म्हणून पेन्सिल. या रकान्याने माझी मतं सगळ्यात जास्त बदलली.

युनिट ट्रस्ट या सरकारी गुंतवणूक संस्थेची यूएस-64 योजना घ्या. 1964 पासूनची, घराघरात ‘युनिट्स’ म्हणून ओळखली जाणारी. 2 जुलै 2001 ला खरेदी-विक्री थांबली, देशभर बोंब झाली. सरकारने छोट्या गुंतवणूकदारांना 5,000 युनिटपर्यंत 12 रुपयांची आणि त्यावर 10 रुपयांची हमी दिली, युनिटची खरी किंमत त्याच्या निम्म्याच्या आसपास असताना. 2002 च्या कायद्याने युनिट ट्रस्टचे दोन तुकडे केले. सडका म्हणून जो तुकडा सरकारकडे राहिला, त्यात आयटीसी, एल अँड टी आणि आज ज्याला अॅक्सिस म्हणतो त्या बँकेचे शेअर होते. त्या वेळी ‘करदात्यांवर बोजा’ असं लिहिणाऱ्यांत मीही होते, स्टाफरूमच्या भिंतीवरच्या मासिकात. अॅक्सिसमधला शेवटचा हिस्सा सरकारने 2022 मध्ये विकला, आयटीसीचे शेअर अजून हातात. या पानावर मी 2001 चा आकडा खोडला नाही, खाली नवा लिहिला.

येस बँकेत स्टेट बँकेने 10 रुपयांना घेतलेले शेअर (काही नंतर 12 नेही) 2025 मध्ये जपानच्या सुमितोमो मित्सुई बँकेला 21 रुपये 50 पैशांना विकले, 13.19 टक्के हिस्सा, 8,889 कोटी. साडेपाच वर्षांत दुपटीहून जास्त, वर्षाला साधारण 15 टक्के पडतात. उरलेला हिस्सा पेन्सिलमध्येच.

सरकारी बँकांचं? 2017-18 मध्ये त्यांचा एकत्रित तोटा 85 हजार कोटींच्या पुढे होता. 2024-25 मध्ये नफा 1 लाख 78 हजार कोटी. कौतुक करावं असंच आहे. पण आमच्या वहीत नफा नाही, परत आलेला पैसा मोजायचा. 2023-24 साठी या बँकांनी 27,830 कोटी लाभांश जाहीर केला, त्यात सरकारचा वाटा 18,013 कोटी. आता मागे जाऊन तो 19,320 चा अंदाजी व्याजाचा आकडा बघा. इतक्या चांगल्या वर्षातही लाभांश चिठ्ठ्यांच्या व्याजालाही पुरत नाही. शेअरची किंमत वाढलीय हे खरं, पण ती विकल्याशिवाय वहीत येत नाही.

आकडे कुठे सापडतात

वर्तमानपत्रात फक्त तारीख बघायची. बाकी सगळं फुकट उपलब्ध आहे, शोधायला कंटाळा नको. बँक खासगी असेल तर राजपत्रातली पुनर्रचना योजना, पाच-सहा पानं असतात, कात्रीचं सगळं तिथे. शेअर कोणाकडे किती, हे दर तिमाहीला शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर येतं. सरकारी बँकेसाठी केंद्रीय अर्थसंकल्पात ‘वित्तीय सेवा विभाग’ शोधा, आणि तिथे दिसलं नाही म्हणजे दिले नाहीत असं समजू नका, रोखे जमेच्या बाजूच्या कागदांत दडलेले असतात. मला सगळ्यात उपयोगी पडली लोकसभेची लेखी प्रश्नोत्तरं. खासदार तुमच्याच मनातला प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला वर्षवार तक्ता द्यावा लागतो. जिल्हा बँकेसाठी राज्याच्या पुरवणी मागण्या (वर्षाच्या मध्येच मागितलेला जादा खर्च), अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात. यातूनही नाही मिळालं तर माहितीचा अधिकार, दहा रुपये. अर्जात "का" विचारू नका, त्याचं उत्तर येत नाही. "किती, कोणत्या तारखेला, कोणत्या लेखाशीर्षाखाली (म्हणजे सरकारी हिशेबातल्या कोणत्या खात्यावर)" एवढंच विचारा.

आणि ‘निर्लेखित’ शब्द दिसला म्हणून दचकू नका. कर्ज निर्लेखित केलं म्हणजे माफ केलं नाही, ते ताळेबंदातून काढलं, वसुली चालू राहते. किती झाली ते विचारायचं असतं, आणि तो प्रश्न फारसं कोणी विचारत नाही.

परवा तो दुकानदार बाजारात भेटला. मी म्हटलं, तुम्हाला तेव्हा चुकीचं सांगितलं होतं, येस बँकेत आपला टॅक्स थेट गेला नाही. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि विचारलं, "मंग जिल्हा बँकेत किती गेला?" त्याचं खातं तिकडे बुलढाण्याकडचं. 23 बँकांचा एकत्र आकडा माझ्याकडे आहे, एकट्या बुलढाण्याचा नाही. तो अर्ज या आठवड्यात टाकतेय.